सागाचा आवाज

शेवंताबाई बाथरूममध्ये अडकल्या.

दार बसवताना दार आणि चौकट यांच्यामध्ये नाणं सरकवून बघायचं. नाणं सहज फिरलं पाहिजे. मे महिन्यात तर फिरलंच पाहिजे.

फैसल डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटत नाही. साबण झोंबतो, तरी मिटत नाही.

मेहरूणच्या तळ्यावर आता प्लास्टिकची बदकं आहेत. बदकाच्या पोटात दोघं बसतात आणि सायकलसारखे पाय मारतात. बदकाची मान हलत नाही.

चांगला साग ठोकला की टण्ण वाजतो. सडका भद्द वाजतो. आवाजाला खोटं बोलता येत नाही.

पारोळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस.

मोबाइलवर आलेला एक फोटो. अंधार, पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात मोठ्या जनावराच्या फासळ्या असाव्यात तसं काहीतरी. खाली तीन शब्द : ओळखली का, फैसलभाई?

यातल्या कशाचं कशाशी काही नातं आहे असं फैसलला मंगळवार सकाळपर्यंत वाटत नव्हतं. मंगळवारी सकाळी शेवंताबाईंचा फोन आला तो बाथरूमच्या आतून. मोबाइल आत न्यायची त्यांना सवय होती म्हणून बरं. दार उन्हाळ्यात फैसलनेच बसवलं होतं. धुळ्यात देवपूरला त्याचं दारं-खिडक्यांचं छोटं दुकान होतं आणि शेवंताबाई जुन्या गिऱ्हाईक. दार बसवताना त्या मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, फट ठेवू नको रे, पाल येते. तो हसला होता, आणि गिऱ्हाइकाचं ऐकावं म्हणून फट ठेवली नव्हती. आता पावसाळी हवेनं दार फुगून चौकटीत असं बसलं होतं की दार आणि भिंत एकच. तो पटाशी घेऊन उभा राहिला. "बाई, जरा कडेला व्हा." आतून आवाज आला, "कडेला कुठं होऊ? बाथरूम आहे, बंगला नाही. बादली पालथी घालून बसलेय. तू घाई करू नको." घाई त्या करत नव्हत्या, त्याचीच छाती करत होती. बंद जागेत एक माणूस, आणि आपण बाहेर. त्यानं पटाशी घातली, वरून ठोका दिला, आणि चौकट फाटली. लाकूड तुटतं तेव्हा कडकड होते. हा आवाज तसा नव्हता. आतून कुणीतरी बुक्की मारावी तसा, एकच, बसका. हा आवाज त्यानं आयुष्यात आणखी एकदाच ऐकला होता. तो तिथंच फरशीवर खाली बसला. शेवंताबाई बाहेर आल्या, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अडकले मी आणि चक्कर तुला?" त्यांनी त्याला साखर-पाणी दिलं. तो हातातला चौकटीचा तुकडा बघत राहिला. लाकूड चांगलं होतं. कुठं कीड नाही, गाठ नाही. फक्त त्याला फुगायला जागा नव्हती. जागा नसली की चांगलं लाकूडच जास्त जोरानं फाटतं, कारण सडक्यात फुगायचीही ताकद नसते. हे त्याला एक मिस्त्री म्हणून केव्हापासूनच ठाऊक होतं, पण त्या फरशीवर ते ज्ञान एका जुन्या पाण्यावर जाऊन आदळलं, आणि त्याला वाटलं, देवा, हे मला कळायला नको होतं.

त्याच संध्याकाळी फोटो आला. पाठवणारा भूपेंद्र, नशिराबादच्या मोतीलालकाकांचा पुतण्या. फोनवर तो म्हणाला, "वखारीची जागा रिकामी करतोय. आतली होडी निघालीय. काका म्हणतात, फैसलला बोलाव. नीट होण्यासारखी असेल तर नीट करून पुन्हा तळ्यावर न्यायची. नसेल तर इथंच जाळायची. तो सांगेल तसं." फैसल म्हणाला, दुसरा कुणी बघा. भूपेंद्र म्हणाला, "मी तेच म्हणालो. तर म्हणतात, त्यात बसलेला आता तो एकटाच उरलाय."

बसलेले दोघं होते. नऊ वर्षांचा फैसल, आणि मोतीलालकाकांचा अमृत, ज्याला नुकती मिसरूड फुटत होती आणि जो ती सारखी चाचपून बघायचा. होडीची कल्पना मोठ्यांची. जळगावात, मेहरूणमध्ये फैसलच्या वडिलांचं, नूर महंमद मिस्त्रींचं, दारांचं काम होतं. लाकूड मोतीलालकाकांच्या वखारीतून यायचं. दोघं रोज चहाला एकत्र. कुठल्याशा कॅलेंडरवर शिडाच्या होडीचं चित्र होतं आणि त्या चित्राकडे बघत एक दिवस मोतीलालकाका म्हणाले, लाकूड माझं, हात तुझे, नूरभाई, आपल्या तळ्यावर असं काहीतरी पाहिजे. दोघांपैकी एकानंही समुद्र बघितला नव्हता. पण चित्र बघून नूर महंमद मिस्त्रींनी होडी बांधली आणि ती सुंदर होती, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत. मेचा महिना. जळगावचा मे. वखारीच्या पत्र्याखाली लाकूड सुकून सुकून आकसलं आणि फळ्याफळ्यांमध्ये फटी पडल्या, इतक्या की पलीकडचं ऊन दिसावं. नूर महंमद त्या फटींकडे बघून बेचैन व्हायचे. दाराला फट असली तर वारा येतो, होडीला फट असली तर पाणी. म्हणून त्यांनी त्या बुजवल्या. रंगाच्या दुकानात मिळते ती लांबी, वाळली की दगड होणारी, अंगठ्यानं दाबून दाबून, एकेक फट, काठोकाठ. फैसलला तो अंगठा आठवतो. राखाडी झालेला, नखात लांबी बसलेला, आणि तो फटीवरून सरकताना होणारा चिकट आवाज. श्रावणात तळं भरल्यावर होडी पाण्यात गेली तर आत थेंब नाही. लोकांनी वाहवा केली. मांडवाच्या कापडाचं शीड होतं, तळाशी तोल राहावा म्हणून वाळूची पोती. आठवडाभर ती काठाशी बांधून ठेवली, सगळ्यांना बघता यावी म्हणून. आठवडाभर ती पाणी पीत होती. हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ही कोरड्या मुलखातली माणसं, त्यांनी लाकूड वाळताना बघितलं होतं. पावसाळ्यात फुगताना त्यांनी फक्त दारं बघितली होती, आणि होडी म्हणजे काही दार नव्हे असं त्यांना वाटत होतं.

मग रविवार. मग अमृत म्हणाला, चल रे बोकड्या. मग काठ मागे, अब्बा काठावर हात हलवताना, बारीक. शीड फुगलेलं. मग आवाज, पायाखालून, एकच, बसका, आतून कुणी बुक्की मारावी तसा. फळी तिच्या जागेवरून उठून उभी राहिलेली, शाळेत उत्तर द्यायला पोरगं उठतं तशी. पाणी घोट्याला. पाणी मांडीला. गार. अमृत आधी हसला, खरंच हसला, आणि त्यानं फैसलला काखेत हात घालून उचललं आणि तुटून पडलेल्या डोलकाठीवर पालथं टाकलं. धर. सोडू नको. मग शिडाचं ओलं कापड वरून आलं, सावकाश, अंथरूण घालावं तसं, आणि अमृत त्याच्याखाली होता. कापडाखाली काहीतरी हललं. मग दुसऱ्या बाजूला हललं. मग कापड सपाट झालं. फैसलचे डोळे तेव्हा उघडे होते. ते त्यानं पुन्हा पाण्यात मिटले नाहीत.

तिसऱ्या दिवशी वखारीत, सगळ्यांसमोर, नूर महंमद म्हणाले, "लाकूड कच्चं होतं, मोतीभाई." एवढंच म्हणाले. मोतीलालकाका उठले. स्वतःच्या वखारीतलं, स्वतः निवडलेलं लाकूड. ते घरात गेले. नंतर वखारीला कुलूप लागलं ते लागलंच. तळ्यातून काढून आणलेली होडी आत. आणि नूर महंमद बिऱ्हाड घेऊन धुळ्याला आले.

भूपेंद्रचा फोन ठेवून फैसल सांगायला गेला तेव्हा अब्बा दुकानाच्या ओट्यावर बसले होते. वय झालेलं, पण मान ताठ. तो म्हणाला, उद्या नशिराबादला जातोय, मोतीकाकांनी बोलावलंय, होडी बघायला. अब्बांनी खिशात हात घातला. त्यांच्या वरच्या खिशात कायम एक जुनं नाणं असायचं, झिजून गुळगुळीत झालेलं, फट मोजायचं.

"नको जाऊ."

"काकांनी स्वतः बोलावलंय, अब्बा."

"काय बघणार तिथं? लाकूड कच्चं होतं. आतापर्यंत भुसा झाला असेल."

"तेवढंच सांगून येतो मग."

अब्बा नाणं बोटात फिरवत राहिले. मग, रस्त्याकडे बघत, म्हणाले, "जातोच आहेस तर लाकूड बघ. फटीबिटी काय बघायच्या त्यात."

तेव्हा फैसलला काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर, पारोळा मागे पडल्यावर, दोन्ही बाजूंनी हिरवा कापूस सुरू झाला तेव्हा ते वाक्य हेल्मेटच्या आत पुन्हा वाजलं. फटी काय बघायच्या. फटीचं नाव त्यानं काढलं नव्हतं. शेवंताबाईंच्या दाराबद्दलही तो घरी बोलला नव्हता. त्यानं गाडी कडेला घेतली. त्याला नाणं आठवलं. मेहरूणला असताना नाणं नव्हतं. मेहरूणला अब्बा दर श्रावणात रंधा घेऊन दारोदार फिरायचे, फुगलेली दारं तासायला, आणि बायका थट्टा करायच्या, मिस्त्री, तुमची दारं पावसाळ्यात आजारी पडतात. धुळ्यात आल्यापासून एकही दार तासायला जावं लागलं नाही. धुळ्यातल्या पहिल्या दारापासून नाणं होतं. मेहरूण आणि धुळे यांच्यामध्ये केव्हातरी अब्बांना कळलं होतं की लाकडाला जागा ठेवावी लागते. आणि मेहरूण आणि धुळे यांच्यामध्ये होतं तरी काय, होडीशिवाय. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कदाचित त्या तिसऱ्या दिवशी नव्हतं. पण त्यानंतर लगेच. आणि तेव्हापासून आजवर ते खिशात घेऊन फिरत होते, आणि तिकडे दुसरा एक म्हातारा आपल्याच सागानं आपला पोरगा बुडवला असं मानून बसला होता.

मग एरंडोल येईपर्यंत फैसल एकच मागत होता. लाकूड सडकं निघू दे. कुठल्याच मिस्त्रीनं असं मागितलं नसेल. भुसा निघू दे, वाळवी निघू दे, बोट लावलं की खाली पडू दे. सडकं असेल तर त्याला काही ठरवावं लागणार नाही. जाळा, म्हणेल, आणि परतेल. काकांचं मानलेलं खरं राहील, अब्बांचं बोललेलं खरं राहील, आणि शेवंताबाईंच्या फरशीवर कळलेलं ज्याचं त्याच्यापाशी. जळगाव मागे पडलं. मेहरूणचा फाटा त्यानं बघितलाही नाही.

वखार उघडी होती. पत्रे निम्मे काढलेले. मोतीलालकाका होडीपासून दोन हातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांवर दुधाळ पडदा. ते मूळचे एरंडोलकडचे, बोली त्यांनी सोडली नव्हती.

"आया का, भाऊ?"

"हो, काका."

"तुना बाप कसा शे?"

"बरे आहेत. थकलेत."

"आपण बठ्ठाच थकनूत." ते हसल्यासारखे झाले. "मना डोया गयात. पण कान शेतस आजून. ठोक."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो लाकूड बघणार होता आणि सांगणार होता. पण जन्मभर सागाच्या ओंडक्यावर थाप मारून भाव सांगणारा माणूस दोन हातांवर बसला होता, आणि त्याला दिसत नव्हतं, म्हणजे तो फक्त ऐकणार होता. भूपेंद्रनं हातोडी पुढे केली. फैसलनं होडीकडे पहिल्यांदा बघितलं. फोटोत फासळ्या वाटल्या त्या फासळ्याच होत्या. ती आठवणीपेक्षा लहान होती. वर धूळ, कबुतरांची घाण, खाली उंदरांनी केलेली घरटी. एका ठिकाणी ती फळी अजून तशीच उठून उभी. त्यानं सगळ्यात वाईट दिसणारी जागा निवडली, काळी पडलेली, ओल आलेली, आणि हळूच ठोकली.

टण्ण.

"पुढे," काका म्हणाले.

टण्ण.

"आते खालनी फळी."

तो गुडघ्यावर आला. तळाशी पावसाचं पाणी साचलेलं, कितीतरी पावसाळे. इथं तरी. इथं नक्की.

टण्ण.

त्यानं हातोडी सैल धरली, तिरपी मारली, मनगट मध्येच अडवलं. साग काही ऐकेना. जिथं मारावं तिथून तो त्याच्या वयाला न शोभणाऱ्या आवाजात उत्तर देत होता आणि प्रत्येक आवाजाबरोबर मागच्या खुर्चीतला श्वास बदलत होता. फैसलनं वळून बघितलं नाही. काठावरून मागे बघू नये तसं. काहीतरी गार वर चढत होतं, घोट्याला, मांडीला. उठून उभ्या फळीपाशी त्याचा हात थांबला. फळीच्या कडेला, पूर्ण लांबीभर, दगड झालेली राखाडी रेघ होती. तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता. रेषांसकट.

"सातपुडानं लाकूड शे," मागून काका म्हणाले. "मी निवडेल व्हतं. एक एक." आवाज फाटला. बाहेरच्या हायवेवरून ट्रक जात होते. "मंग काय व्हयनं व्हतं रे, फैसल?"

"खिळे असतील, काका. गंजून..."

"खिळा नवा व्हतात. मीच आणेल."

भूपेंद्र म्हणाला, "काका, जुनी गोष्ट आहे, जाऊ द्या ना. होडी ठेवायची की जाळायची एवढं—"

"तू चूप बैस." आणि पुन्हा, "फैसल."

त्याला पळून जाता आलं असतं. मोटरसायकल दारात होती. पण डोलकाठीवर पालथं पडलेल्याला कुठं जाता येतं. तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला, "लांबी, काका. फटी उन्हाळ्यात भरल्या. लाकूड आकसलेलं होतं. पाण्यात फुगलं, त्याला जागाच नव्हती. फुटली ती लाकूड चांगलं होतं म्हणून." मग, ते सांगून आपण वाचू असं वाटल्यासारखं, भराभर, मोबाइलवर बघितलेलं सांगत सुटला. की होड्यांच्या फटीत कापसाचा पीळ ठोकतात. कापूस दबतो. लाकूड फुगलं की कापूस त्याला जागा देतो. फक्त कापूस. सगळ्या जळगाव जिल्ह्यात तेव्हा दुसरं होतं काय.

काकांनी हात पुढे केला. फैसलला वाटलं आपल्याला मारणार. हात होडी शोधत होता. त्यानं तो धरून फळीवर ठेवला आणि काका फळी चाचपत गेले, टोकापासून टोकापर्यंत, पोराची पाठ चाचपावी तसं.

"इतला वरीस मी लाकूडले हात लाया नई," ते म्हणाले. मग त्यांचा अंगठा राखाडी रेघेवर आला आणि त्या दुसऱ्या अंगठ्याच्या खळग्यात जाऊन थांबला.

"नूरभाईले हाई माहीत शे?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं की दोन म्हातारे आपापल्या गावात मरतील. फैसलनं डोळे उघडे ठेवले.

"आहे," तो म्हणाला. "केव्हापासूनच असेल."

काकांनी अंगठा काढला नाही. भूपेंद्र उगाच पत्र्याकडे बघत होता. मग काका सावकाश म्हणाले, "नीट व्हई का?"

"होईल. ती फळी बदलावी लागेल, दोन फासळ्या. बाकी चांगली आहे."

"मंग नीट कर. पण फटी तू भरानं नई. नूरभाईले आन. तोच भरी. कापूस मी देस." ते खुर्चीत मागे टेकले. "त्याले सांग, मोतीभाई बाजूले बठेल ऱ्हाई. एक एक फट भरेपावत."

"पण काका," भूपेंद्र म्हणाला, "जागा तर रिकामी करायचीय."

"जागा गई तेल लावाले."

फैसल बाहेर आला. ऊन होतं, तरी त्याला थंडी वाजत होती. होडी वाचली होती, आणि त्याला वाटत होतं, यापेक्षा ती जळताना बघणं सोपं गेलं असतं. आता धुळ्याला जायचं, ओट्यापाशी उभं राहायचं, आणि ताठ मानेच्या माणसाला म्हणायचं, चला. तेवढं अंतर अंगावर घेण्याची भीती वाटली म्हणून त्यानं तिथूनच फोन लावला. अब्बांनी पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे ते फोन हातात धरूनच बसले होते.

"लाकूड कसं निघालं?"

"चांगलं, अब्बा. सगळं चांगलं."

पलीकडे देवपूरचा रस्ता वाजत होता. रिक्षा, भाजीवाला.

"तू एकट्यानंच ठोकलंस ना?"

"मोतीकाका होते."

"त्यानं ऐकलं?"

"ऐकलं."

मग पलीकडे फरशीवर काहीतरी धातूचं पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. कुणी ते उचललं नाही. फैसल फोन कानाला लावून ते थांबायची वाट बघत राहिला.

होडी बांधली त्या मे महिन्यात लांबीचा पहिला डबा निम्म्या फटींतच संपला होता. दुसरा डबा अमृतनं सायकलवरून आणून दिला.